साळवेसाहेबांच्या भिंती

हैदराबादच्या अंबरपेठेत साळवेसाहेबांचं यार्ड होतं. तिथे भिंतीच भिंती होत्या, घर मात्र एकही नव्हतं. कमरेइतक्या उंच, काटकोनात वळलेल्या, कशालाच आधार न देणाऱ्या भिंती. आणि रोज सकाळी आमचे मालक, साळवे कन्स्ट्रक्शनचे सर्वेसर्वा, लुंगी वर खोचून पाइपानं त्या भिंतींना पाणी मारत असत. सिमेंटच्या नव्या बांधकामाला आठवडाभर पाणी मारतात. साहेबांच्या काही भिंती चांगल्या वयात आलेल्या होत्या, तरी त्यांचं पाणी काही चुकत नव्हतं.

"माझी तुळस वाळून चालली," त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणायच्या, "आणि ह्यांच्या भिंतींना रोज आंघोळ!"

मी पुण्याहून आलेला इंजिनीअर. डिग्री होती, इस्त्रीचा शर्ट होता, आणि कंत्राटदाराला दोन गोष्टी शिकवाव्यात असा डोक्यात दाट समज होता. पहिल्याच दिवशी मी त्या भिंतींवरून अडखळून रेतीत पालथा पडलो, त्यामुळे शिकवणं जरा लांबलं.

भिंतींचं गूढ मला गवंडी यादगिरीनं सांगितलं. आपल्या माणसांना कारागिरीच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसवायचं हे साहेबांचं वेड होतं. गवंडी, सळई बांधणारे, फरशीवाले, सगळ्यांची क्लासची आणि परीक्षेची फी साहेब भरत, आणि क्लासच्या दिवसाची मजुरीही कापत नसत. परीक्षा आमच्याच यार्डात व्हायची. परीक्षक समोर उभे राहत आणि गवंड्यानं भिंतीचा कोपरा बांधून दाखवायचा. इतर ठिकाणी हा कोपरा चिखलात बांधतात, म्हणजे संध्याकाळी पाडून विटा परत वापरता येतात. आमचे साहेब सिमेंट देत.

"चिखलात कसली परीक्षा? ती काय पोरीबाळींची भातुकली हाय?"

मग सिमेंटची भिंत पाडायची कुणी? कुणीच नाही. प्रत्येक परीक्षेनंतर यार्ड लहान होत गेलं. शेवटी ट्रकला वळायलाही जागा उरली नाही. ड्रायव्हर सिकंदराबादेपासून शिव्या देत यायचा आणि उलटा जायचा.

"कागद पायजे इंजिनेर, कागद!" हे साहेबांचं पालुपद होतं. "माझ्या बापानं कोठीच्या बाजारातली निम्मी दुकानं बांधली. कागद नव्हता म्हणून मरेस्तोवर मजुरी बिगाऱ्याची."

त्या काळात देशाची दारं उघडली होती आणि हैदराबादेत काचेची ऑफिसं उठू लागली होती. बाहेरच्या बड्या कंपन्यांना आणि आखातातल्या एजंटांना सर्टिफिकेटवाले गवंडी हवे होते. ते कुठे मिळतात हे त्यांना लवकरच कळलं. आमचा माणूस पास झाला की पेढे घेऊन यायचा, साहेबांच्या पाया पडायचा आणि सोमवारपासून दिसायचा नाही. बाकीचे कंत्राटदार आमच्या यार्डाला 'साळवे कॉलेज' म्हणत आणि आमची कामं रखडत.

मी एक तोडगा काढला. शिकवल्यावर दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, असा करार करून घ्यायचा. मोठ्या ऐटीत साहेबांना तो वाचून दाखवला.

"बांधून ठिवायला म्हशी हायत का?" साहेब म्हणाले आणि पाइप घेऊन उठले.

पुढे यादगिरीही पास झाला. जाताना म्हणाला, "साब, हमारे इंजिनेर साब को भी बिठाओ ना परीक्षा में." त्यानं थट्टा केली होती. साहेबांनी फी भरून टाकली.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीच्या शर्टात थापी घेऊन उभा राहिलो. ओळंबा कशाला हवा, आपली नजर काय कमी आहे, असं मला वाटलं. परीक्षकांनी माझी भिंत पाहिली. मग मान तिरकी करून पाहिली, तेव्हा कुठे ती त्यांना सरळ दिसली. यादगिरी खास बघायला आला होता. "दीवार अच्छीच है साब," तो म्हणाला, "बस खडे रहना नक्को बोलरी." मी नापास झालो. साहेबांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्याही भिंतीला पाणी सुरू केलं.

वर्षभरात मलाही एका बड्या कंपनीचं बोलावणं आलं. हे सांगायला मी सकाळी यार्डात गेलो खरा. उगाच विटा मोजत राहिलो.

"काय बघायलाव इंजिनेर?" साहेबांनी पाणी मारता मारता विचारलं. "दुसरीकडं लागलं व्हय? मग जावा की. तुमच्याकडं तर मोठा कागद हाय." पाणी बराच वेळ एकाच भिंतीवर पडत होतं. मला फार वाईट वाटलं, तरी मी गेलोच.

पुढे जागेच्या मालकानं अर्धं यार्ड परत मागितलं. हे ऐकून मी एका रविवारी भेटायला गेलो. भिंती पाडलेल्या होत्या, फुटक्या विटांचे ढीग लागले होते. कोपऱ्यात एकच भिंत उभी होती, बांबूचा टेकू लावलेली. माझी.

"हीच का ठेवली साहेब? यादगिरीची किती सुरेख होती!"

"त्याची कुठंबी उभी ऱ्हाईल. हिच्यावर ध्यान ठिवावं लागतंय." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी परीक्षा हाय. तुमची फी भरून ठिवलीय."

"अहो, मी आता तुमच्याकडे कामाला नाही!"

"नापास तर हाव ना?"

मी बसलो आणि इमानेइतबारे पुन्हा नापास झालो. सुमनताईंनी पोहे केले. साहेब भलतेच खुशीत होते. माझ्या जुन्या-नव्या दोन्ही भिंतींना पाणी मारून झाल्यावर माझ्याशेजारी विटांवर बसले.

"पास झालं की पोरं येत न्हाईत," ते म्हणाले. "तुमचं बरं हाय."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी काय झालं कोण जाणे, माझा हात बसला होता. विटेवर वीट नीट पडत होती. अर्ध्यावर आल्यावर ओळंबा लावून पाहिलं, तर भिंत चक्क सरळ येत होती. मी वर पाहिलं. साहेब पाइप धरून कोपऱ्यात उभे होते, आणि पाणी कधीचं बंद होतं.

मी ओळंबा गुंडाळून खिशात घातला.