सोमणकाकांची आंघोळ

आमच्या शेजारचे सोमणकाका रविवारी संध्याकाळी दोन-तीनदा तरी डोक्यावरून आंघोळ करतात. उकाड्याचा काही संबंध नाही. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा असते म्हणून.

लांबच्या नात्यातलं कुणी गेल्याचं कळलं की आपल्याकडे आंघोळ करतात ना, तशी. एखादा पोरगा जुनं भावगीत घेऊन "मी हे माझ्या पद्धतीने सादर करतो" म्हणाला, की काका पंचा खांद्यावर टाकून तयार. मागे ड्रम वाजायला लागले, मधेच रॅप घुसला, परीक्षक उभे राहून टाळ्या पिटायला लागले, की काका मधल्या भिंतीवर थाप मारून आम्हाला कळवतात, "गेलं हो! गाणं गेलं!" पाठोपाठ बादली. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगच्या भिंती त्या, तांब्यान् तांब्या ऐकू येतो. सेक्रेटरींनी एकदा पाण्याचा विषय काढला, तर काका म्हणाले, "मारणारे तिकडे स्टुडिओत आहेत. मी फक्त सुतक पाळतो." मला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू! आमच्याकडचे पाहुणे दचकून विचारायचे, "कोण गेलं?"

चालीच्या बाबतीत काकांनी घरच्यांनाही कधी सूट दिली नाही. कुमुदकाकूंचा गळा गोड, पण त्या स्वयंपाकघरात गायला लागल्या की हॉलमधून हाक यायची, "कुमुद, चाल सोडलीस!" काकू आतूनच म्हणायच्या, "सोडली तर सोडली. तुमची पोळी करपवू का?" काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून काकांना ओरडायला टीव्हीच उरलाय.

आणि यंदा त्याच स्पर्धेत आमच्या बिल्डिंगमधली प्रज्ञा निवडली गेली. तळमजल्यावरच्या गायकवाड सिस्टरांची मुलगी. सिस्टर हॉस्पिटलात ड्युटीवर गेल्या की लहानपणी ती सोमणांकडेच असायची. जेवण तिथे, झोप तिथे. पहिले सूरही काकांनीच शिकवले. पोरगी परीक्षकांना अजिबात घाबरली नव्हती.

"ते काय, सगळ्यांनाच छान छान बोलतात," ती मला म्हणाली. "मला आजोबांच्या बादलीचं टेन्शन आलंय. त्यांनी माझ्या गाण्यावर आंघोळ केली ना, तर मी गाणं सोडणार. सिरियसली."

शूटिंग आधीच झालं होतं. एपिसोड लागणार त्या रविवारी ती मला आणि सिस्टरांना ओढत काकांच्या हॉलमध्ये घेऊन आली. काका खुर्चीत, पंचा खांद्यावर. "शिष्या असलीस तरी नियम तो नियम," त्यांनी आधीच बजावलं.

तिने निवडली होती घराघरांत म्हणतात ती एक जुनी अंगाई. मागे गिटार आणि हा एवढा मोठा ढोल. मी मनात म्हटलं, भरली बादली!

पहिली ओळ नीट गेली. अंतऱ्यात जिथे चाल खाली उतरते, तिथे प्रज्ञा सरळ वर चढली. काका उठले. मग ओळीच्या मधोमध ती थांबली, ढोलही थांबला, आणि तिने हळूच म्हटलं, "आले हं, आले." मग उरलेली ओळ.

परीक्षक उभेच राहिले. "काय धाडस आहे! हे मधलं सुचलं कसं तुला?"

टीव्हीतली प्रज्ञा गोंधळली. "सुचलं नाही सर. ते गाण्यातच आहे."

काका बाथरूमच्या दाराशी पोचले होते.

"आजोबा, चुकलं का ओ?" आमच्या शेजारी बसलेली प्रज्ञा रडकुंडीला आली. "ओरिजिनल ऐकलेलं मी नंतर. पण मला तेच चुकीचं वाटतं. आजी मला झोपवताना असंच म्हणायची."

काका दाराची कडी धरून उभे होते. "तू इथे हॉलमध्ये पाळण्यात," ते म्हणाले, "आणि ती आत पोळ्या करत. तुझ्यापर्यंत आवाज पोचावा म्हणून तिथे चढायची. तू रडलीस की मधेच म्हणायची ते. आणि मी रोज ओरडायचो तिच्यावर."

सिस्टरांनी पदर डोळ्यांना लावला. प्रज्ञा मात्र दाराकडेच बघत होती. "मग... आंघोळ?"

"आंघोळ गेलेल्याची करतात," काका म्हणाले आणि खुर्चीत येऊन बसले. पंच्याने त्यांनी डोळे पुसले, नाकही पुसलं. "ते मोबाइलवर परत लावता येतं का गं?"

थोड्या वेळाने आम्ही आपापल्या घरी आलो. भिंतीपलीकडे पाणी वाजलं नाही. तीच अंगाई पुन्हा पुन्हा वाजत होती. मधेच ढोल थांबायचा, "आले हं, आले" ऐकू यायचं, आणि दर वेळी काका हळूच म्हणायचे, "ये."