पोट भरलेलं असलं तरी

प्रांजलीने जाळीचा डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हिला उपाशी ठेवायचं नाही. एवढं एकच सांभाळा."

नंदकिशोर निपाणीकरांनी चष्मा पुसून आत पाहिलं. काडीवर एक हिरवा, बोटाएवढा कीटक पुढचे पाय जोडून बसला होता. देवळात रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखा, पण नजर मात्र देवाकडे नव्हती. मान वळवून तो नंदकिशोरांकडेच बघत होता.

"ही मादी," प्रांजली म्हणाली. "प्रार्थनाकीटक म्हणतात. आणि त्या छोट्या डब्यात नर आहे. रविवारी सकाळी त्याला हिच्या डब्यात सोडायचं आणि कॅमेरा चालू करायचा. मग जे होईल ते होऊ द्यायचं. मध्ये हात घालायचा नाही."

"काय होईल?" नंदकिशोरांनी विचारलं.

"काही माद्या नराला खाऊन टाकतात."

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, नीलाताईंचा, भांडी लावण्याचा आवाज थांबला.

प्रांजली ही निपाणीकरांची सून. संशोधन संस्थेत ती याच विषयावर तीन वर्षं डॉक्टरेट करत होती. पण संस्थेच्या इमारतीला वाळवी लागली आणि वरच्यांनी कीटकनाशक फवारायचा हुकूम काढला. कीटकांच्या प्रयोगशाळेत कीटकनाशक म्हटल्यावर सगळ्यांनी आपापले किडे घरी हलवले. त्यातच नागपूरला प्रांजलीच्या मावसबहिणीचं लग्न. ती आणि तिचा नवरा मुकुल संध्याकाळच्या विमानाने निघणार होते.

"पण खातात कशासाठी?" नंदकिशोरांना हे पटेना.

"कोणी म्हणतं, नराच्या अंगातलं सत्त्व अंड्यांना मिळतं. कोणी म्हणतं, तिला तो नर वाटतच नाही, नुसतं खाद्य वाटतं. माझं म्हणणं आहे की ती भुकेली असते म्हणून खाते. पोट भरलेलं असेल तर नवऱ्याला सोडून देते. तेच मला सिद्ध करायचंय. म्हणून रोज सकाळी या डब्यातले रातकिडे हिला द्यायचे, पोटभर. आणि बाबा, रविवार चुकवू नका. नर आता म्हातारा होत चाललाय."

"तू निर्धास्त जा," नंदकिशोर म्हणाले.

हे ते उगीच म्हणाले नव्हते. विमानांचे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासणी विभागात काढली होती. एका सैल स्क्रूपायी त्यांनी अख्खी असेंब्ली परत पाठवली होती आणि वरिष्ठांचा राग झेलला होता. जबाबदारी घेतली की घेतली. शिवाय त्या डब्यातल्या नराबद्दल त्यांना आतून काहीतरी वाटू लागलं होतं. बिचारा अंगाने मादीच्या निम्मा, रंगाने मातकट, आणि आपल्या मिशा साफ करण्यात गर्क होता. त्याला रविवारी काय आहे याची गंधवार्ता नव्हती. नंदकिशोरांनी मनाशी ठरवून टाकलं, या गड्याला जिवंत ठेवायचं. मादीला इतकं खाऊ घालायचं की तिला नवऱ्याकडे बघायची इच्छा राहता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते कामाला लागले. रातकिड्यांच्या डब्याचं झाकण त्यांनी किंचित उघडलं, आत चिमटा घातला, आणि पहिलाच रातकिडा चिमट्यावरून चालत येऊन त्यांच्या चष्म्याच्या काचेवर बसला. इतक्या जवळून रातकिडा पाहण्याची त्यांची पहिलीच वेळ. हात झटकला, डबा टेबलाखाली पडला आणि झाकण वेगळं झालं. नंदकिशोर गुडघ्यांवर येईपर्यंत सगळी मंडळी फ्रिजखाली, ओट्याच्या फटीत आणि तांदळाच्या डब्यामागे पसार झाली होती.

नीलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "किती सुटले?"

"सगळे."

"माझ्या स्वयंपाकघरात?"

"थोडे हॉलमध्येही गेले असतील," नंदकिशोर समजूत घालत म्हणाले.

नीलाताईंनी कोपऱ्यातला झाडू उचलला. त्या झाडूचा अर्थ नंदकिशोरांना लग्नाला इतकी वर्षं झाल्यामुळे माहीत होता. ते पायात चपला घालून बाहेर पडले. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मासे होते, पोपटाचे पिंजरे होते, कुत्र्यांचे स्वेटरही होते. रातकिडे विकत मागणारा म्हातारा पाहून दुकानदाराने, "सार, मनेल्ली यारू इल्लवा?" असं कन्नडमध्ये हळुवारपणे विचारलं. घरी कोणी नाही का, म्हणजे सांभाळायला.

मग त्यांना माश्या सुचल्या. कीटकाला काय, रातकिडा आणि माशी सारखीच. पण नीलाताईंच्या घरात माशी मिळणं शक्य नव्हतं. गांधी बझारच्या कोपऱ्यावर नागराजची फळांच्या रसाची गाडी होती. तिथे कापलेल्या अननसावर माश्यांचं संमेलन भरलेलं नंदकिशोरांनी रोज फिरायला जाताना पाहिलं होतं. त्यांनी लोणच्याची रिकामी बरणी घेतली, इस्त्रीचा शर्ट खिशातल्या पेनासकट घातला आणि गाडीपुढे जाऊन अननसाकडे टक लावून उभे राहिले.

नागराजने आधी दुर्लक्ष केलं. पण हा गृहस्थ रस मागेना, हलेना. मधूनच वाकून बरणी अननसाजवळ नेई आणि तोंडाने पुटपुटत माश्या मोजल्यासारखं करी. नागराजचा चेहरा उतरला.

"सार, पालिकेकडून आलात का?" त्याने कन्नडमध्ये विचारलं. "सॅम्पल घेताय?"

"अरे नाही, मला फक्त माश्या हव्यात," नंदकिशोर कन्नडमध्येच म्हणाले.

नागराजला हा टोमणा वाटला. त्याने ताबडतोब ओल्या फडक्याने गाडी पुसली, सगळ्या माश्या हाकलल्या, फळांवर जाळी घातली आणि बर्फ घातलेलं मोसंबीचं सरबत नंदकिशोरांच्या हातात दिलं. "सार, स्वल्प सांभाळून घ्या. उद्यापासून असं दिसणार नाही."

"मला सरबत नको, नागराज. माशी हवी. एखादी चालेल."

"सरी सार, समजलं," नागराज मान खाली घालून म्हणाला. त्याने खरंच समजून घेतलं होतं. नंदकिशोर वळले तेव्हा तो शेजारच्या भेळवाल्याच्या कानाशी लागला होता. दुसऱ्या दिवशी ते बरणी घेऊन पुन्हा गेले, तेव्हा सगळ्या ओळीला फिनेलचा वास येत होता, जो तो टोपी घालून उभा होता आणि औषधालाही माशी नव्हती. लांबून त्यांना पाहून तिघांनी नमस्कार केला.

घरी येऊन त्यांनी शेवटचा उपाय केला. पनीरचा कण दोऱ्याला बांधला आणि मादीसमोर नाचवत राहिले. हलणारंच ती पकडते, एवढं त्यांनी फोनवर वाचलं होतं. मादीने बराच वेळ पाहिलं आणि मग एका फटक्यात पनीर जाळीवर भिरकावून दिलं.

"ती खात नाही," ते म्हणाले.

"तुम्ही तरी खा," नीलाताई म्हणाल्या आणि ताट वाढलं. "सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या, म्हणून असे दिसताय."

"प्रांजलीला फोन करू का?"

"लग्नात आहे ती. तिथे तिला हे सांगून काय करणार? अक्षता टाकायचं सोडून ती रातकिडे शोधायला येणार आहे का?"

रविवार उजाडला. नंदकिशोरांना वाटलं, प्रयोग रद्द करावा. पण नर म्हातारा होत चालला होता आणि शब्द दिलेला होता. त्यांनी कॅमेरा चालू केला, छोटा डबा उघडला आणि नराला जाळीत सोडलं. "मागून जा," ते हळूच म्हणाले. "आणि काम झालं की थांबू नकोस."

नर शहाणा होता. तो एकेक पाय मोजून टाकत होता. मादीने मान हलवली की तो वाळल्या पानासारखा गोठून जाई. पुरेसा वेळ घेऊन शेवटी त्याने उडी मारली आणि बरोबर तिच्या पाठीवर बसला. नंदकिशोरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात मादीने खांद्यावरून मागे हात घालावा तसा पाय मागे घातला, नराला पुढे ओढलं आणि त्याचं डोकं खायला सुरुवात केली.

नंदकिशोरांचा हात जाळीकडे गेला. तो नीलाताईंनी धरला. त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या हे त्यांना कळलंच नव्हतं.

"मध्ये हात घालायचा नाही, असं सांगितलंय तिने," त्या म्हणाल्या. मग चष्मा लावून वाकल्या. "अहो, पण याचं डोकं गेलं तरी बाकीचं चालूच आहे."

"हो," नंदकिशोर खिन्नपणे म्हणाले.

"तुमच्या कारखान्यातही चालायचं की असं. तुम्हीच सांगायचात."

त्यांना हसू आलं नाही. त्या दिवशी ते दुपारी झोपलेही नाहीत.

"प्रांजलीला काही सांगू नका," संध्याकाळी नीलाताई म्हणाल्या. "खाल्लं म्हणा, एवढंच."

"नाही. मादी उपाशी होती. हे लपवलं तर तिचा सगळा निष्कर्ष चुकेल. खोटं तपासणीपत्र मी आयुष्यात दिलं नाही."

प्रांजली आणि मुकुल सोमवारी आले. त्यांनी बॅगा खाली ठेवायच्या आत नंदकिशोरांनी सगळं सांगून टाकलं. रातकिडे, नागराज, पनीर, काहीही वगळलं नाही. "चूक माझी आहे. ती उपाशी राहिली आणि तिने त्याला खाल्लं."

मुकुल हसू दाबत खिडकीकडे वळला. प्रांजली मात्र डबा उचलून उजेडात घेऊन गेली.

"बाबा, ही उपाशी नव्हती. पोट बघा केवढं फुगलंय. एक नर खाऊन एवढं होत नाही. हिला कोणीतरी सतत भरवलंय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नीलाताई सोफ्याच्या कव्हरवरची सुरकुती काढत होत्या.

"आई?" प्रांजली म्हणाली.

"मग काय करणार?" नीलाताई म्हणाल्या. "ओट्याखाली सारखं किर्र किर्र. सापडेल तो भांड्याखाली धरायचा, खाली पुठ्ठा सरकवायचा, आणि टाकायचा कुठे? तिच्या डब्यात. ती लगेच गट्ट करायची. हे फिरायला गेले की मी तेच करत होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?" नंदकिशोर म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे? पनीर नाचवत होता."

"किती घातलेत, आई?"

"सापडतील तेवढे. शेवटी शेवटी ती नको म्हणत होती."

प्रांजली खुर्चीवर बसली. ती त्या मादीकडे आणि मादी तिच्याकडे बघत राहिली. "नको म्हणेपर्यंत खाल्लं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "मग तिने त्याला खाल्लं कशासाठी?"

मुकुल बॅगा उचलून आत घेऊन गेला.

रात्रीची जेवणं झाल्यावर प्रांजलीने सासऱ्यांना बाल्कनीत गाठलं. एका मादीवरून काही ठरत नाही, पुन्हा करून बघायला हवं, ती म्हणाली. फवारणीचा वास जाईपर्यंत प्रयोगशाळा बंदच होती. आणि इतकं पोटभर तर तिथे कोणी घालतही नव्हतं. आणखी सहा माद्या इथेच आणल्या तर? सहा नर आणि रातकिडेही अर्थात. नंदकिशोरांनी क्षणभर त्या मातकट नराची आठवण काढली. पण सून इतक्या आशेने बघत होती की त्यांच्या तोंडून "आण" निघून गेलं.

सकाळी नीलाताई नाश्त्याला बसल्या. त्यांचा दुसरा डोसा संपेपर्यंत नंदकिशोर थांबले. तिसरा स्वतः तव्यावरून आणून त्यांच्या ताटात वाढला. कॉफीही दिली.

"पोट भरलं ना?" त्यांनी विचारलं.

"भरलं. का?"

"प्रांजली आणखी सहा माद्या आणणार आहे. मी हो म्हटलंय."

नीलाताईंनी कप खाली ठेवला आणि मान सावकाश वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तू आत्ताच जेवढं हवं तेवढं खाल्लंस," नंदकिशोर म्हणाले.

"खाल्लंय," नीलाताई म्हणाल्या. "पण त्याने काही फरक पडतो की नाही, तेच तर तुमच्या सुनेला अजून कळलेलं नाही."

नंदकिशोरांनी आपली खुर्ची थोडी मागे घेतली.