आजी विकणे नाही

खलात ठक्‌कन एकच ठोका पडला आणि घरभर जपून ठेवलेली शांतता फुटली.

खामनोईबाईंनी बत्ता हवेतच धरला. त्यांची सून दाओ हिने ओठांवर बोट ठेवलं. आईचं बघून पाच वर्षांच्या खाओफांगने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं. मग तिघी लाकडी जमिनीच्या फटींतून खाली डोकावल्या. घर उंच खांबांवर होतं; खाली त्या खांबांमध्ये जुनी हिरवी पिकअप उभी होती आणि तिच्यात काचा लावून, घामाघूम होऊन, दाओचा नवरा कोंग आणि त्याचा मित्र तोय जगाची काळजी करत बसले होते.

दर शनिवारी सकाळी दोघांचा 'बांधावरून जग' हा पॉडकास्ट थेट प्रसारित व्हायचा. आधी महासत्तांची खरडपट्टी, मग गाड्यांच्या गप्पा, शेवटी एखादी सामाजिक समस्या. पिकअपइतकी शांत जागा गावात दुसरी नव्हती. ऐकणारे बाहेर फारसे नव्हते, पण गावप्रमुख इंता यांना भारी अभिमान. एरवी डासांची फवारणी आणि कुणाची अंत्ययात्रा सांगणाऱ्या गावच्या भोंग्यांवर ते हा कार्यक्रम लावायचे. आवाज घुमतो म्हणून कोंगच्या घराजवळचा भोंगा तेवढा बंद ठेवलेला. त्यामुळे सगळं गाव ऐकायचं आणि कोंगच्या घरी मिरच्या कुटायलाही बंदी असायची.

"आई, थोडं थांबा ना," दाओ कुजबुजली. "आता म्हाताऱ्यांच्या हालअपेष्टांवर आलेत. संपेलच."

"म्हातारीचा हात अवघडला, ते सांग म्हणावं त्यात," खामनोईबाई म्हणाल्या आणि बत्ता अलगद खाली ठेवला.

पण ठोका खांबातून उतरून थेट माइकमध्ये गेला होता. 'आपण आपल्या वृद्धांना अडगळ समजतो,' एवढं बोलून कोंग थबकला. "श्रोतेहो, एक छोटीशी विश्रांती," म्हणत त्याने खूण केली. तोयने बासरीची धून लावली. माइक बंद करायचं बटण कोंगने दाबलं असं तोयला वाटलं, आणि तोयने दाबलं असं कोंगला.

दाओ वाफेवर ठेवलेली भाताची टोपली उतरवायला खिडकीशी गेली, तेव्हा शेतापलीकडच्या देवळाच्या भोंग्यातून आधी बासरी आली आणि मग बासरीच्या मागून तोय.

"काय रे, आजीला विकायचं ठरलं का?"

"ठरलं. उद्या फायाओ शहरातला माणूस येतोय न्यायला."

"चालते का अजून?"

"उतारावर चालते. चढावर मागून ढकलावं लागतं. सकाळी उठवायची म्हणजे तर दिव्य! अर्धा तास नुसती खोकते."

"मग सुटी सुटी करून वीक की! जास्त मिळतील."

"तो पण तेच म्हणाला. वरचं कातडं गेलंय, पण आतलं सगळं ठणठणीत आहे म्हणे."

"आणि आईला सांगितलंस?"

"नाही बाबा. सकाळी ती देवळात गेली की गुपचूप उरकून टाकू."

दाओच्या हातातली टोपली तिरकी झाली. पिकअप विकायची हे तिलाही आत्ताच कळत होतं. आणि गावाला काय कळत असेल, हे त्यानंतर कळलं.

प्रत्येक गाडीत तिची राखणदार देवी असते. तिचं नाव लांबलचक, मान मोठा. पण दाओचे सासरे घाईचे. त्यांनी देवीला आणि गाडीला मिळून नुसतं 'आजी' करून टाकलं होतं. रोज सकाळी आरशाला ताजा गजरा बांधायचा, चाकापुढे हात जोडायचे आणि म्हणायचं, "चला आजी." दाओ लग्न होऊन आली ती याच पिकअपच्या मागे, गादी आणि भाताच्या टोपलीसकट. खाओफांगच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा भर चढावर गाडी बंद पडली. सासऱ्यांनी ना शिवी दिली, ना लाथ मारली. स्टिअरिंगवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "आजी, पणती येतेय तुमची. एवढा चढ काढा." आजींनी काढला. सासरे जाऊन दोन पावसाळे झाले होते, आणि हे सगळं घराबाहेर तोय सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी या घरात आजी एकच होती, आणि ती आत्ता मिरच्यांपुढे बसून हात चोळत होती.

दाओ जिना उतरून धावली. पिकअपच्या काचेवर थाडथाड हात मारले. आतून कोंगने चिडून ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, माइक! गाव ऐकतंय!" ती ओरडली.

कोंगला काचेतून शेवटचे दोनच शब्द कळले. तो खुलला. "ऐकतंय ना? मग! आजचा विषयच तसा आहे!"

काच उतरवायची तर पक्कड लागायची. पक्कड कोंगच्या बुडाखाली होती. ती सापडून काच चार बोटं उतरेपर्यंत अंगणात मोटरसायकली येऊन थडकल्या.

पुढे गावप्रमुख इंता, अंगात सरकारी गणवेशाचा सदरा, खाली घरची चड्डी. मागे आरोग्यसेविका फान मावशी रक्तदाबाचं यंत्र छातीशी धरून. आणि त्यांच्या मागे ज्यांना ज्यांना चप्पल सापडली ते सगळे. कोंगकडे कुणी बघितलंही नाही. सगळी फौज जिना चढून वर गेली.

"वहिनी, भ्यायचं नाही," इंता धापा टाकत म्हणाले. "मी असेपर्यंत या गावातून कुणी म्हातारी विकली जाणार नाही."

"दंड पुढे कर," म्हणत फान मावशीने पट्टा आवळायला घेतला. "मेल्याने आतलं ठणठणीत आहे म्हणून भाव केलाय गं!"

खामनोईबाईंचे डोळे एकेका चेहऱ्यावरून फिरले. "कोण विकतंय? कुणाला?"

"तुझाच लेक! आजीला विकतोय म्हणाला. उद्या फायाओचा माणूस येणार. तू देवळात गेलीस की गुपचूप!"

कोंग धडपडत वर पोचला होता. "अहो, आजी म्हणजे... आई, तू तरी सांग ना यांना! आजी म्हणजे काय ते!"

खामनोईबाईंची नजर जमिनीच्या फटीतून खाली गेली, हिरव्या टपावर. फान मावशीच्या यंत्रातला आकडा टकटक चढायला लागला, तसं दाओने कोंगकडे बघितलं. नवऱ्याचंही खोटं नव्हतं. नव्या शाळेच्या वाटेवर चढ होता, आणि लेक दोनदा रडत, उशिरा पोचली होती. पण म्हणून असं, चोरून?

मग खामनोईबाईंनी पदराला हात पुसावेत तसे कमरेच्या वस्त्राला पुसले आणि सावकाश म्हणाल्या, "खरंय प्रमुख. आजीला विकतोय हा. आणि मला ते मंजूर नाही."

"आई!"

"आई काय? म्हणालास ना तू? का नाही म्हणालास?"

"म्हणालो, पण..."

"पणबिण नाही," इंता कडाडले. "जे माइकवर बोललास ते माइकवरच मागे घ्यायचं. चल खाली!"

कोंगला पिकअपमध्ये बसवलं. काचेच्या चार बोटांच्या फटीतून इंतांचा हात आत येऊन त्याच्या खांद्यावर बसला. माइक चालूच होता, मघापासून.

"श्रोतेहो," कोंग म्हणाला, "मी आजीला विकणार नाही. कधीच नाही. आता आजी म्हणजे नेमकं काय, तर..."

"झालं!" इंतांनी फटीला तोंड लावून जाहीर केलं. "गावकऱ्यांनो, शब्द दिलाय! कार्यक्रम समाप्त!" आणि त्यांनी स्वतःच दिसेल ते बटण दाबलं. ते मात्र बरोबर निघालं.

मंडळी समाधानाने पांगली. जाताना फान मावशी बजावून गेली की म्हातारीला चढ चढायला लावू नका. खामनोईबाई आरशाला गजरा बांधायला खाली आल्या, तेव्हा दाओने हळूच विचारलं, "आई, तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं ना?"

"मी म्हातारी आहे बाई, मला काय कळतंय," त्या म्हणाल्या आणि गाठ घट्ट मारली. "रोज शाळेत सोडायला लवकर निघू. मागून ढकलायला आहे की हा. वृद्धांची सेवा."

कोंगने मुकाट्याने किल्ली फिरवली. आजी खोकल्या, थरथरल्या, पुन्हा खोकल्या. खामनोईबाईंनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि अगदी आपल्या नवऱ्याच्या ठेक्यात म्हणाल्या, "चला आजी." गाडी चालू झाली. कोंगने मान वळवून बाहेर बघितलं.

गाडीत दाओच्या मांडीवर बसलेल्या खाओफांगने गजऱ्याचं एक फूल ओढून हातात घेतलं. ती कसलातरी विचार करत होती.

"आई," ती म्हणाली, "आजोबा गाडी तर इथेच ठेवून गेले. मग ते गेले कशातून?"