हलगीच्या पोटातलं मशीन

एका जंगलात जांभळाईचं ठाणं होतं. तिची पालखी उठायची ती गेनबा अस्वलाच्या हलगीवरच. हलगी कडाडली की पालखी उठणार, नाही तर जागची हलणार नाही. गेनबाच्या आज्याचा हाच मान, बापाचाही हाच. घरात खायला नसलं तरी मान होता, बाळांनो.

मग एके साली हैबती तरसानं शहराकडनं एक डबा आणला. कळ दाबली की धम्, धम्, धम्, धम्, आणि मधूनच कुईकुई. याला टेक्नो म्हणतात, असं तो म्हणाला. त्यात गाणं नव्हतं, त्यामुळं कुणाचे शब्द चुकत नव्हते. तरणी माकडं खुळी झाली. "औंदा पालखी डब्यावर उठवायची!" म्हणाली.

गेनबा हलगी पुढ्यात घेऊन रडायला बसला.

साळू साळिंदरीण संबळ वाजवायची. ती म्हणाली, "भावजी, रडताय काय? चारच तर ठोके हायती. डब्याला हात न्हाईत, आपल्याला हायती."

"आणि त्यातली कुईकुई गं?"

"ती माझा दादला तुणतुण्यावर काढंल. घरात दुसरं काय करतोय?"

पावसाळाभर तिघांनी गुहेत घाम गाळला. जत्रेदिवशी गेनबानं हलगी गवताच्या जाळावर शेकली. कातडं टणक झालं. मग तिघांनी ठेका धरला. ठोका केसभर हलेना. माकडं "लाइव्ह! लाइव्ह!" ओरडत नाचली. हत्ती नाचला. म्हातारं कासवही मान बाहेर काढून डोललं.

इतकं चोख वाजलं, तिथंच घात झाला.

पालखी उठणार तेवढ्यात हैबती सिंहमहाराजांपुढं येऊन ओरडला, "महाराज, हातानं इतकं जमत नसतं! हलगीत मशीन आहे!"

गेनबानं हलगी उलटी करून धरली. "सरकार, हलगी मागनं उघडीच असती. बघा की. आत वारा हाय नुसता."

सिंहमहाराजांनी डोकावलं. बराच वेळ डोकावलं. मग म्हणाले, "रिकामी दिसते. म्हणजे चांगलंच लपवलंय."

"कातड्यात असंल," हैबती म्हणाला.

महाराज न्यायी होते. त्यांनी स्वतःच्या नखानं कातडं टराटरा फाडलं. मशीन निघालं नाही.

"गेनबा निर्दोष आहे!" महाराजांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

"आता वाजवायचं काय, कपाळ?" साळू म्हणाली. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मुहूर्त टळत चालला होता. गेनबाच्या हातात नुसतं कडं. महाराज म्हणाले, "मान तुझाच, गेनबा. तो कुणाला हिरावू देणार नाही मी." त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला, त्याला डब्याशेजारी पाटावर बसवलं आणि कळ त्याच्याच हातानं दाबवली.

धम्, धम्, धम्, धम्. पालखी उठली.

"बघा," माकडं एकमेकांना म्हणाली, "आता कसं हातानं वाजवल्यासारखं वाटतंय!"

तात्पर्य: बाळांनो, मन लावून शिकावं, पण पुरतं शिकू नये. दहातले दोन ठोके चुकवत जावेत. चुकणाऱ्याला लोक कलावंत म्हणतात. न चुकणाऱ्याचं कातडं फाडून बघतात.