मंजुळाबाईंच्या मुखत्यारीची मोहीम

श्रीकृपेकरून निजामी अमलात, फसली सन तेराशे पन्नास, मौजे साखरा येथे विहिरीच्या पाण्यावरून जे रण माजले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी येथे लिहिली असे. कारण तातेराव पारावर बसून ती भलतीच सांगतात.

तातेराव म्हणजे राजमान्य राजश्री, मिशांचा पीळ अखंड, घरात आणि पारावर केवळ सिंह. परंतु हिंगोलीच्या अदालतीचे नाव निघताच पोटात कळ उठावी, ऐसी प्रकृती. शेजारचे सोनाजी यांणी हे वर्म ओळखून दावा गुदरला, की बांधावरील विहीर सालम आमची, तातेरावांस पाण्याची पाळी नाही. मग तारखा पडत गेल्या आणि तातेराव पोट धरून बाजेवर पडत गेले. शेवटी हुकूम सुटला, की या खेपेस गैरहजर राहिल्यास एकतर्फी फैसला होईल. विहीर गेली म्हणजे मिरचीचा मळा गेला, आणि तो मळा तर कुटुंब मंजुळाबाई यांणी स्वहस्ते शिंपून उभा केलेला. बाईंस अन्न गोड लागेना.

ऐसियास तातेरावांनी थोर मसलत काढिली. मुनशी बोलावून मुखत्यारनामा लिहविला, की आमचे तर्फे अदालतीत हजर राहणे, बोलणे आणि भांडणे, या कुल कारभाराच्या मुखत्यार मंजुळाबाई. त्यांचे बोलणे ते आमचेच बोलणे. पंचांसमक्ष दस्तखत जाहले आणि पोटातील कळ तत्क्षणी शमली.

मग बैलगाडी जुंपून हिंगोलीस कूच केले. बाई अदालतीत दाखल जाहल्या आणि तातेराव पिछाडी सांभाळण्यास्तव बाहेर लिंबाखाली तळ देऊन राहिले.

अदालतीचे कारकून पेशकार यांणी कागद पाहून विचारिले, की बाई कोणाच्या मुखत्यार, ते स्वमुखे जाहीर करावे. येथे मोहीम अडली. बाईंनी उखाण्याबाहेर नवऱ्याचे नाव कधी उच्चारिले नव्हते. उच्चारिल्यास धन्याचे आयुष्य घटते, ही पिढ्यांची समजूत.

"आमच्या मालकाची," बाई म्हणाल्या. पेशकारांस ते अपुरे वाटले. "रखमीच्या बापाची." तेही नामंजूर.

सोनाजी याच घटकेची वाट पाहत होते. त्यांणी अर्ज केला, की ज्यास धन्याचे नाव सांगता येत नाही, तो मुखत्यार कैसा? बाईंनी निरुपाये खिडकीबाहेर बोट दाखविले, "ते काय, लिंबाखाली बसून राहिले." मुनसफसाहेबांनी फर्माविले, की धनी इतका समीप असेल तर खुद्द त्यासच पाचारावे.

चपराशी दाराबाहेर पडला मात्र, तातेराव उठले आणि बैलाआड दडले. पागोटे तेवढे बैलाच्या पाठीवरून दिसत राहिले. बाईंनी ते पाहिले. इतकी वर्षे ज्यांचे आयुष्य ओठांआड जपले, ते बैलाआड उभे! बाईंस संताप आला, आणि त्याहून अधिक लाज वाटली. मग पदर सावरून खणखणीत आवाजात बोलल्या, "तातेराव. तातेराव संतराम. त्यांची मी मुखत्यार हाय. आता इहिरीचं बोला."

नवऱ्यासोबत सासऱ्याचेही नाव त्याच दमात घेतले गेले, डाव फसला आणि सोनाजींचा धीर सुटला. विहीर दोन्ही घरांनी मिळून खणली, दोन्ही घरच्या सासवांनी एकाच टोपल्याने माती वाहिली, हे बाईंनी त्यांजकडूनच वदवून घेतले. फैसला जाहला, की पाळी पूर्ववत निम्मी-निम्मी कायम.

बाई बाहेर येताच तातेराव प्रकट जाहले आणि निकाल न विचारता कुरकुरले, "नाव काहून घेतलं? आयुष्य कमी झालं न्हवं माझं."

"व्हय," बाई म्हणाल्या. "पर उरलं त्यात मिरच्याला पाणी हाय. गाडी जुपा, तातेराव."

तातेरावांनी गाडी जुंपिली.

येणेप्रमाणे साखऱ्याच्या मळ्याची मोहीम फत्ते जाहली. नाव घेतल्याने तातेरावांच्या आयुष्यास धक्का लागला नाही. पाळीच्या दिवशी मोट तेच हाकतात. मुखत्यारनामा त्या एका दाव्यापुरता होता. बाईंनी तो परत केल्याचे कोठेही नमूद नाही.