तीन टँकरचे पोहणे

शुक्रवारी सकाळी अकरा चाळीसला आबासाहेब स्वतःच्या विहिरीत पोहण्याची परीक्षा द्यायला उतरले. वय बावन्न. पोहण्याचा अनुभव नऊ दिवसांचा, तोही बाजेवरचा.

शिरूर कासारकडच्या त्या गावात मच्छीमार सहकारी संस्थेचे ते अकरा वर्षे अध्यक्ष होते. तलाव दोन वर्षांपासून कोरडा होता, त्यात शेळ्या चरत. पण संस्था होती, खुर्ची होती आणि खुर्चीला रामराम होता. निवडणुकीच्या तोंडावर दुसरा उमेदवार बंकट याने हरकत घेतली की, पोटनियमाप्रमाणे अध्यक्षाला पोहता आले पाहिजे. निवडणूक अधिकाऱ्यांचे तपासणीचे पत्र आले. नापास झाल्यास अर्ज बाद.

शिकवायला छबुबाईला बोलावले. तरुणपणी तिने अर्ध्या तालुक्याच्या विहिरींतून बुडालेल्या घागरी काढल्या होत्या. पाणी कुठेच नसल्याने तिने आबासाहेबांना बाजेवर पालथे घातले.

"आबा, पाय मांडीतून मारा. गुडघ्यातून न्हाई."

"मावशे, खाली पाणी तर पायजे."

"पाणी न्हाई तर बाज काहून आवळून धरलीय?"

नवव्या दिवशी बाजेचे सुंभ तुटले, तेव्हा शिक्षण पूर्ण झाल्याचे तिने जाहीर केले.

परीक्षेसाठी आबासाहेबांनी तीन टँकर आणून विहिरीत सोडले. सकाळी नऊला पाणी छातीला लागत होते. अधिकारीही नऊलाच यायचे होते. पण टँकर ज्या विहिरीत रिकामा होईल तिथे हंडा घेऊन जायचे, हा गावाचा दोन वर्षांचा रिवाज होता; विहीर कुणाची हे कुणी विचारत नसे. साडेनऊपर्यंत साठ बाया कठड्याला लागल्या. त्यांना हाकलावे तर प्रत्येकीच्या घरात संस्थेचे एक मत होते. बंकट तर बाजूला उभा राहून एकेकीला दोर सोडायला जागा करून देत होता.

अधिकारी साडेअकराला आले. तोवर पाणी गुडघ्याच्या जरा वर राहिले होते. अर्धा तास पोहून दाखवा, असे त्यांनी सांगितले.

पहिली फेरी आबासाहेबांनी खरोखर तरंगत काढली. त्यांचे त्यांनाच नवल वाटले. तेवढ्यात एक बादली कानाजवळून गेली.

"जरा दम धरा, माझी परीक्षा हाय," ते खालून म्हणाले.

"मग पव्हा की," वरून केशरबाई म्हणाली. "आमी कुठं अडवलंय? तेवढं कडंकडंनं पव्हा."

ते कडेने पोहू लागले. छबुबाई वरून 'मांडीतून, मांडीतून' असे बजावत होती आणि मधूनमधून स्वतःची घागरही सोडत होती. विसाव्या मिनिटाला गुडघे तळाला टेकले, पंचविसाव्याला पोट. आबासाहेब थांबले नाहीत. हातपाय बिनचूक चालले होते, फक्त गाळातून.

अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला, 'उमेदवार पोहत असताना पाणी संपले.' हे उत्तीर्ण धरावे की अनुत्तीर्ण, याचे मार्गदर्शन मागवून कागद बीडला गेले.

दुसऱ्या दिवशी बायांनी घरी येऊन आबासाहेबांना फेरपरीक्षेची तारीख विचारली. त्यांच्याकडे तारीख नव्हती, म्हणून त्या तशाच बंकटकडे गेल्या. नियम त्यालाही लागू होताच. बंकट लहानपणापासून पोहतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरीही छबुबाईने बजावले, की पोहणाऱ्या माणसाला तीन टँकर पुरायचे नाहीत.

बंकटने मंगळवारसाठी पाच टँकर सांगितले आहेत. बीडहून उत्तर अजून आलेले नाही.