कोल्हेटेकचा नकाशा

एका जंगलात एक कासव राहत होतं. ससा नव्हता. दाराकडे बघू नका, तो येणार नाही.

कासवाचं नाव अनंतराव. त्यांना विमानाचं भारी वेड. पण कासवाला विमानात कोण बसवणार? ते शिडी चढेपर्यंत विमान जाऊन परत आलेलं असायचं. म्हणून त्यांनी घरच्या संगणकावर विमान उडवायचा खेळ घेतला. सुकाणू म्हणून पिठाच्या डब्याचं झाकण. बोलायला नारळाची करवंटी. पाठीवर चुन्याचे चार पट्टे ओढले आणि झाले कॅप्टन.

घरात बसून उडवत असले, तरी सगळं नियमाने. उड्डाणाआधी ते बायकोला, म्हणजे वेणूबाईंना, पट्टा बांधायला सांगत. वेणूबाई मागे बसून तांदूळ निवडत असत.

"अहो, कसला पट्टा? मी घरात बसलेय."

"प्रवाशांनी कॅप्टनशी बोलू नये."

वेणूबाई पुन्हा तांदळाकडे वळत. संसार असाच चालतो, मुलांनो.

घरासमोर, तळ्यापलीकडे, कोल्हेटेक नावाचा माळ होता. तिथे रानबदकं उतरायची. वनराजांच्या दरबाराने त्या माळाला विमानतळाचा दर्जा दिला होता. लाकडी टॉवर बांधला होता. टॉवरवर बसायला कोणी नेमायचं तेवढं राहून गेलं होतं. अनंतरावांना खेळातलं विमान याच कोल्हेटेकवर उतरवायचं होतं.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक विमानतळाचा नकाशा, म्हणजे धावपट्टी कुठे आणि टेकडी कुठल्या अंगाला ते कळतं. दुसरी फ्रिक्वेन्सी, म्हणजे टॉवरशी बोलायचा रेडिओचा आकडा.

"खिडकीतून दिसतंय की सगळं," वेणूबाई म्हणाल्या.

"खिडकी अधिकृत धरत नाहीत," अनंतराव म्हणाले आणि शोधायला बसले.

पहिल्या साइटवर नकाशा होता, पण फक्त सभासदांसाठी. सभासद व्हायला जुन्या सभासदाची शिफारस हवी. जुने सभासद कोण, हे फक्त सभासदांना दिसायचं. दुसऱ्या साइटवर कोल्हेटेक सापडलं, पण ते दुसऱ्याच जंगलातलं निघालं. तिथे समुद्र होता. मग अनंतराव विमानवेड्यांच्या चावडीवर गेले आणि हात जोडून विचारते झाले. उत्तर आलं, "हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. शोधा." दोन आठवडे शोधल्यावर तो प्रश्न सापडला. मागच्या वर्षी तो अनंतरावांनीच विचारला होता. खाली एकच उत्तर होतं, "शोधा."

एकदा तर त्यांनी तळ्यावरच्या बदकालाच गाठलं. "तुम्ही रोज उतरता. आकडा कोणता लावता?"

"आकडा? बघतो आणि उतरतो," बदक म्हणालं.

अडाणी, असं अनंतराव मनातल्या मनात म्हणाले.

शेवटी दूरदेशीच्या एका वटवाघळाला दया आली. त्याने नकाशा पाठवला. सोबत आकडा, एकशे अठरा पूर्णांक पस्तीस. अनंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नकाशा घडीसुद्धा न पाडता भिंतीवर लावला आणि पाठ करून टाकला.

पण एक गोष्ट त्यांना आतून खात होती. एवढं ज्ञान जमवलं, आणि उभ्या जंगलात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. विचारलंच तर एवढंच, की तब्येत बरी आहे ना. आयुष्यात एकदा तरी कोणीतरी खरं काही विचारावं, एवढीच त्यांची आस होती.

एका सकाळी दाट धुकं पडलं. अनंतराव झाकण फिरवत विमान खाली आणत होते. करवंटीत तोंड घालून ते ओरडले, "कोल्हेटेक टॉवर, कोल्हेटेक टॉवर, मी उतरतोय!"

तेवढ्यात छपरावरून आवाज आला, "अवो टॉवरवालं दादा!"

ती गोदू नावाची रानबदकीण होती. मागे तिची चार पिल्लं, पहिल्यांदाच एवढ्या लांब उडालेली. "खाली समदं पांढरंफेक हाय, दादा. पोरं दमल्यात. टेकडी कुठल्या अंगाला हाय तेवढं सांगा, म्हंजी धडकायची न्हाईत."

अनंतरावांनी हातातलं झाकण सोडलं. विचारलं! कोणीतरी विचारलं! टेकडी पश्चिमेला, हे ते झोपेतही सांगू शकले असते. झोपेत असते तर सांगितलंही असतं. पण ते जागे होते, म्हणून त्यांनी आधी नकाशा पाहिला. खालच्या कोपऱ्यात शिक्का होता. 'फक्त घरच्या खेळासाठी. खऱ्या उड्डाणासाठी वापरू नये.'

"बाई, तुम्ही खऱ्या आहात का?" त्यांनी विचारलं.

"आँ?"

"म्हणजे खरोखर उडताय, की घरून?"

"घर सोडून चार दिस झालं, दादा!"

"मग माफ करा. हा नकाशा तुम्हाला चालणार नाही."

"अवो, पोरं पडत्याल!"

"शिवाय त्याची मुदत कालच संपलीय," अनंतराव कळवळून म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

वेणूबाई उठल्या. त्यांनी परातीतले तांदूळ उंबऱ्यावर ओतले, अंगणात जाऊन रिकामी परात उलथन्याने बडवायला सुरुवात केली आणि ओरडल्या, "आवाजावर ये गं बाई! टेकडी तळ्याच्या पलीकडे राहिली, इकडे ये!"

पाचही जणं अंगणात उतरली. धाकटं पिल्लू थेट तांदळात उतरलं आणि लगेच जेवायला लागलं. आत अनंतरावांचं विमान मात्र टेकडीवर आपटलं होतं. टेकडी पश्चिमेलाच होती. नकाशा अगदी बरोबर होता.

वनराजांच्या दरबारात चौकशी झाली. विनानकाशा उतरल्याबद्दल गोदूवर ठपका आला. विनापरवाना परात बडवल्याबद्दल वेणूबाईंना समज मिळाली. अनंतरावांना शाल-श्रीफळ मिळालं. पाच जीव हवेत असतानाही त्यांनी शिक्क्याचा मान राखला, असं वनराज म्हणाले. तिथल्या तिथे त्यांनी अनंतरावांना कोल्हेटेकच्या टॉवरचे प्रमुख नेमलं. टॉवर चढायला अनंतरावांना आठ दिवस लागले.

तेव्हापासून ते वर बसून आहेत. रेडिओ चालू असतो. पण धुकं पडलं की बदकं वेणूबाईंच्या अंगणात उतरतात, आणि धुकं नसलं की बघून उतरतात. टॉवरला कोणी काही विचारत नाही. अनंतराव करवंटी कानाला लावून दिवसभर वाट बघतात. फार एकटं वाटलं की अहवाल लिहितात. पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं, 'या टॉवरने उतरवलेल्या एकाही पक्ष्याला अपघात झाला नाही.'

वनराज खूश झाले. त्यांनी अनंतरावांच्या ताब्यात आणखी तीन विमानतळ दिले.

तात्पर्य : विद्या दिल्याने वाढते, हे खरं आहे मुलांनो. पण न दिल्याने हुद्दा वाढतो.